प्रत्ययाची उडी

‘शी मस्ट हॅव बीन सिंगिंग.’ हे इंग्रजी वाक्य सावकाश म्हणून पाहावं. ‘ती गात असणार’ एवढ्या अर्थासाठी इथे चार क्रियापदं ओळीत उभी आहेत आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांची जागा बदलली की वाक्य मोडतं. शाळेत आपण ही ओळ काळांच्या तक्त्यातून पाठ केली. ओळ अशीच का लागते, हे तक्त्याने कधी सांगितलं नाही. ते मला पहिल्यांदा कळलं भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये, आणि तेही दोन-तीन पानांत.

पुस्तक सव्वाशे पानांच्या आतलं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांना शिकवताना काढलेल्या टिपणांतून ते तयार झालं आणि १९५७ साली नेदरलँड्समधल्या हेगहून माउटन या प्रकाशनाने छापलं. लेखक तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. याच विषयावरचा त्याचा प्रचंड ग्रंथ टंकलिखित अवस्थेत पडून होता. तो छापून यायला १९७५ साल उजाडलं. चॉम्स्की यांच्या जननशील व्याकरणाचा इतिहास लिहिणारे या पुस्तकातलं एक व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्य सांगतात, त्यातली गणिती सिद्धता सांगतात. ते सगळं मोलाचं आहेच. माझं मन मात्र पाचव्या प्रकरणातल्या साहाय्यक क्रियापदांच्या नियमापाशी थांबतं. या पुस्तकाचा खरा रस तिथे आहे, असं मला वाटतं.

वरच्या वाक्यात ‘हॅव’ आलं म्हणून ‘बी’चं ‘बीन’ झालं. ‘बी’ आलं म्हणून ‘सिंग’चं ‘सिंगिंग’ झालं. म्हणजे कारण एका शब्दात आणि परिणाम पुढच्या शब्दावर. कानाला ‘बीन’ हा एकच शब्द ऐकू येतो, पण त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या घरचे आहेत: ‘बी’ एकाचं, ‘एन’ शेजारच्याचं. वाक्याचे सलग तुकडे पाडत जाणाऱ्या विश्लेषणाला हे पेलत नाही, कारण जे एकत्र आहे ते शेजारी नाही आणि जे शेजारी आहे ते एकत्र नाही.

चॉम्स्की काय करतात? ते ‘हॅव’ आणि ‘एन’ ही जोडी आधी एकत्रच ठेवतात. ‘बी’ आणि ‘इंग’ ही जोडीही तशीच. सगळ्यांच्या पुढे काळाचा प्रत्यय. मग क्रम असा लिहितात: काळ हवाच, नंतर ‘मस्ट’सारखं क्रियापद, हवं तर, नंतर ‘हॅव-एन’, हवं तर, नंतर ‘बी-इंग’, हवं तर, शेवटी मुख्य क्रियापद. हा झाला एक नियम. दुसरा याहून छोटा: प्रत्येक प्रत्ययाने आपल्या लगेच पुढच्या क्रियापदावर जाऊन बसावं. ‘एन’ने ‘बी’वर उडी घेतली, ‘बीन’ झालं. ‘इंग’ने ‘सिंग’वर घेतली, ‘सिंगिंग’ झालं. ‘हॅव’च्या लगेच आधी प्रत्ययच नव्हता, म्हणून ते कोरं राहिलं. दोन ओळींत इंग्रजी काळांचा सगळा तक्ता उलगडतो. या दुसऱ्या नियमाला अभ्यासक पुढे ‘अ‍ॅफिक्स हॉपिंग’, म्हणजे प्रत्ययाची उडी, म्हणू लागले. पुस्तकात त्याचं नाव साधंच आहे.

इथवर ही हुशारी वाटेल. सौंदर्य सातव्या प्रकरणात आहे.

‘शी सिंग्ज’चं नकारार्थी करा, प्रश्नार्थक करा, असे प्रश्न आपण परीक्षेत सोडवले. ‘शी डज नॉट सिंग’, ‘डज शी सिंग’. हा ‘डू’ मध्येच कुठून आला, हे विचारायची सोय नव्हती. चॉम्स्की म्हणतात, नकाराचा ‘नॉट’ काळाच्या प्रत्ययानंतर येऊन बसतो. प्रत्ययाला जोडून ‘मस्ट’, ‘हॅव’ किंवा ‘बी’ असेल, तर त्याच्याही नंतर. ‘शी सिंग्ज’मध्ये असं जोडलेलं कुणीच नाही. म्हणून ‘नॉट’ बरोबर प्रत्यय आणि ‘सिंग’ यांच्या मध्ये शिरतो. प्रत्ययाला आता उडी घ्यायला लगेच पुढे क्रियापद नाही. तो निराधार होतो, आणि त्याला अंगावर घ्यायला ‘डू’ येतो. प्रश्नात काळाचा प्रत्यय कर्त्याच्या अलीकडे जातो, पुन्हा एकटा पडतो, पुन्हा ‘डू’. ठासून सांगताना येणारं ‘शी डज सिंग’, दुजोरा देताना येणारं ‘सो डू आय’: दर वेळी गोष्ट तीच. ‘डू’ला स्वतःचा अर्थ नाही. तो निव्वळ भारवाहक आहे. आणि ‘इज शी सिंगिंग’मध्ये तो का येत नाही? तिथे प्रत्ययाला वाहून न्यायला ‘बी’ सोबत असतं.

व्याकरणाच्या पुस्तकांत या गोष्टी चार धड्यांत विखुरलेल्या असतात. चॉम्स्की यांनी उडीचा नियम काही ‘डू’साठी रचलेला नाही. नियम काळांच्या तक्त्यासाठी केला होता. तो ‘डू’पर्यंत आपोआप पोचतो. उत्तम बंदिशीत अस्ताईतली एखादी जागा अंतऱ्यात अनपेक्षितपणे परत भेटावी आणि ती तिथलीच वाटावी, तसा हा अनुभव आहे. ‘जनन’ या शब्दाचा अर्थही मला इथेच नीट समजला. हे व्याकरण बोलणाऱ्याच्या तोंडून वाक्य कसं बाहेर पडतं याचं वर्णन करत नाही. कुठली वाक्यं भाषेत बसतात आणि कुठली नाहीत, हे ते इतक्या काटेकोरपणे मांडतं की वाचणाऱ्याच्या समजूतदारपणावर काहीही सोडलेलं नसतं. शब्द गणितातून आलेला आहे, पुनरुत्पादनाशी त्याचा संबंध नाही.

अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारे वैयाकरण आपल्या परंपरेला ठाऊक आहेत, त्यामुळे या लाघवाची गोडी आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागू नये. पाणिनी धातूपुढे आधी लट्, लङ् असे लकार ठेवतो आणि मग त्यांच्या जागी प्रत्यक्ष प्रत्यय आणतो. तो ‘ल’ कुणाच्या कानावर कधीच पडत नाही, पण त्याच्यावाचून व्यवस्था उभी राहत नाही. चॉम्स्की यांचा एकटा उभा असलेला काळ-प्रत्यय याच जातीचा आहे. १९६५ च्या ‘आस्पेक्ट्स ऑफ द थिअरी ऑफ सिंटॅक्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी पाणिनीचं नाव घेतलं आहे आणि त्याचं व्याकरण आजच्या अर्थाने जननशील मानता येतं असं म्हटलं आहे. हा धागा पुण्यापर्यंतही येतो: पाणिनीच्या विकल्पांवरचा पॉल किपार्स्की यांचा ग्रंथ १९७९ साली शि. द. जोशी यांच्या संपादनाखाली पुणे विद्यापीठ आणि एमआयटी प्रेस यांनी काढला.

पुस्तक इंग्रजीवर उभं आहे, ही त्याची मर्यादा मला जाणवते. म्हणून मी तो नियम हातात घेऊन मराठीकडे वळतो. ‘तू जातोस’ याचा नकार ‘तू जात नाहीस’. ‘जातोस’मधला ‘स’ पाहा, तो ‘नाही’वर जाऊन बसला. ‘ते जातात’ आणि ‘ते जात नाहीत’: तिथला शेवटचा ‘त’ही तसाच सरकलेला दिसतो. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू आंबा खाल्ला नाहीस’: पुन्हा तेच. मराठीला ‘डू’सारखा भारवाहक बोलवावा लागत नाही, कारण आपला नकारच प्रत्यय अंगावर घेतो. पण ‘जातोस’ आणि ‘जातेस’ यांतला लिंगभेद ‘जात नाहीस’मध्ये उरत नाही, सगळंच सरकत नाही, काही गळतं. ‘खाल्ला नाहीस’मध्ये मात्र आंब्याचं लिंग जागच्या जागी राहतं. हे सगळं एका नियमात कसं बसवायचं? जन्मभर बोललेल्या भाषेत हा प्रश्न मला दिसला तो इंग्रजीवरच्या त्या दोन ओळींमुळे.

पुढचा इतिहास मोठा आणि भांडणांचा आहे. त्यातलं पुष्कळसं मी ओलांडून जातो. १९६५ मध्ये खोल संरचना, म्हणजे उच्चारलेल्या वाक्यामागची मूळ रचना, ही कल्पना आली. तिच्यात अर्थ किती, यावरून चॉम्स्की यांचेच शिष्य आणि सहकारी त्यांच्यापासून दुरावले. प्रत्ययाच्या उडीसारखे रूपांतरणाचे नियम फारच मोकाट आहेत, त्यांना वेसण हवी, हे जॉन रॉस यांच्या १९६७ च्या प्रबंधापासून ठळक झालं. १९८१ मध्ये पिसा इथल्या व्याख्यानांवर आधारलेला ग्रंथ आला आणि भाषेगणिक वेगळ्या नियमांच्या जागी मोजकी तत्त्वं बसली. या सगळ्यातून आपला छोटा नियम काय काय झाला, ते पाहणं मला अधिक सुरस वाटतं.

१९८९ साली भाषाशास्त्रज्ञ झां-इव्ह पोलॉक यांनी त्या नियमाला फ्रेंचच्या शेजारी बसवलं. फ्रेंचमध्ये साधं क्रियापदच नकाराच्या ‘पा’ला ओलांडून प्रत्ययाकडे जातं, इंग्रजीत प्रत्यय क्रियापदाकडे खाली येतो. म्हणजे फ्रेंचला ‘डू’ का लागत नाही, याचंही उत्तर त्याच हालचालीत निघालं, फक्त दिशा उलटी. पोलॉक एवढ्यावर थांबले नाहीत. काळ आणि कर्त्याशी जुळणी यांना त्यांनी वाक्यात दोन स्वतंत्र जागा दिल्या. मग १९९५ चा ‘मिनिमलिस्ट प्रोग्रॅम’ आला. त्यात क्रियापदं कोशातूनच प्रत्यय लेवून निघतात आणि पुढे फक्त त्यांची तपासणी होते. उडीला तिथे काम उरलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची ती दोन ओळींची रचना आता संग्रहालयात जाणार, असं वाटावं अशी वेळ होती.

तेव्हाच भाषाशास्त्रज्ञ हॉवर्ड लास्निक यांनी एक बारीक फरक पुढे ठेवला. ‘रवी स्लेप्ट, अँड मीना विल टू’ हे इंग्रजीत सहज चालतं: पहिल्या भागात ‘स्लेप्ट’ आहे, गाळलेल्या भागात कोरं ‘स्लीप’ समजायचं, आणि कुणाला अडचण होत नाही. पण ‘रवी वॉज हिअर, अँड मीना विल टू’ कानाला खटकतं. ‘वॉज’मधून कोरं ‘बी’ वेगळं निघतच नाही. तेव्हा ‘हॅव’ आणि ‘बी’ प्रत्ययासकट कोशातून येत असतील, पण ‘स्लीप’, ‘सिंग’ यांच्यासारखी बाकीची सगळी क्रियापदं कोरीच येतात, आणि प्रत्यय त्यांच्यावर अजूनही १९५७ सालासारखाच उडी घेऊन बसतो.