‘शाश्वत’ डबा आणि कासाराची मोड

‘सस्टेनेबल मटेरियल’ला मराठीत ‘शाश्वत साहित्य’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. आपल्या विज्ञानलेखनातला हा शब्द तपासून पाहावा, एवढाच या टिपणाचा हेतू. शाश्वत म्हणजे नाश न पावणारे. या अर्थाने पवनेच्या काठी झुडपात अडकलेली पॉलिथिनची पिशवी खरी शाश्वत. ज्या डब्या-चमच्यांना आपण हे विशेषण लावतो, त्यांच्याकडून अपेक्षा नेमकी उलटी असते: काम संपले की त्यांनी मातीत मिळावे. आपल्याला हवे आहे ते नश्वर.

हा केवळ कोशातला वाद असता तर सोडून दिला असता. गेल्या दिवाळीत कासारवाडीच्या आमच्या घरी फराळाचे डबे आले, त्यांवर ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले होते. एक झाकण कात्रीने कापून मी कुंडीतल्या मातीत पुरले. पावसाळ्यानंतर उकरले, तर तुकडे जसेच्या तसे ओळखू येत होते. छापलेले खोटे होते का? मी रसायनशास्त्र शाळेबाहेर शिकलो ते पुस्तकांतूनच. वाचू लागलो तेव्हा कळले, की ते खरेही असू शकेल.

असे डबे बऱ्याचदा पॉलिलॅक्टिक आम्लाचे, म्हणजे पीएलएचे असतात. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून किण्वनाने लॅक्टिक आम्ल मिळते. त्याच्या रेणूंची लांब साखळी म्हणजे पीएलए. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा याचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. या साखळ्या ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सैल होतात. मग पाणी आत शिरून त्या तोडते, आणि तुकडे पुरेसे लहान झाले की जंतू ते खातात. प्रयोगशाळेतली कंपोस्ट चाचणी ५८ अंशांना घेतात, ती यामुळेच. तिथे १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावे लागते. माझ्या कुंडीत ही ऊब कुठून येणार?

म्हणजे ‘कंपोस्टेबल’ हे एक सशर्त विधान आहे. मराठीत येताना त्यातली अट गळते आणि विशेषण तेवढे उरते. संशोधक आपल्या निबंधात तापमान लिहितात. ते गाळतो आपण, सोपे करून सांगणारे. परिणाम कागदापुरता राहत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आणणाऱ्या २०२१ च्या केंद्रीय दुरुस्तीने कंपोस्टेबल वस्तूंना सूट दिली. पण त्या वस्तू जातात कुठे? पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीला जातो. तिथे कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन ऑगस्ट २०२३ मध्ये झाले. घरात सुक्या कचऱ्यात टाकलेला डबा मातीऐवजी त्या भट्टीत पोचण्याचीच शक्यता अधिक.

आमच्या वस्तीच्या नावातला कासार या बाबतीत जास्त काटेकोर होता. फुटके भांडे तो ‘मोड’ म्हणून तोलून घेई आणि नव्याच्या किमतीतून तेवढे वजा करी. ‘मोड’ या दोन अक्षरांत वस्तूच्या परतीची वाट, ती घेणारा माणूस आणि तिचा भाव, तिन्ही सामावलेले होते.

म्हणून एक सूचना. ‘शाश्वत’ हे विशेषण पदार्थाला लावू नये. लावायचेच तर त्याच्या परतीच्या व्यवस्थेला लावावे. पदार्थाबद्दल लिहिताना तो कुठे, किती उष्णतेला आणि किती दिवसांत मातीत मिळतो, हे त्याच वाक्यात सांगावे. वाक्य लांबेल, पण खरे होईल.