पूर्वपक्ष दुबळा असेल तर : लक्ष्य क्षेपणास्त्रांविषयी

मागच्या व्याख्यानात आपण पुरावा कशाला म्हणायचं, हा प्रश्न घेतला होता. आज तोच प्रश्न एका अनपेक्षित जागी लावून बघायचा आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने क्षेपणास्त्रांवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. रॉकेटचं गणित आमचा विषय नाही, हे मान्यच आहे. पण ‘चाचणी यशस्वी’ हे दोन शब्द रोज ज्या अर्थाने वापरले जातात, तो अर्थ तपासणं हे मात्र आमचंच काम आहे.

एक उदाहरण घेऊ. 24 जुलै 2024. ओडिशाच्या किनाऱ्यावर धामरा इथून दुपारी 4 वाजून 20 मिनिटांनी डीआरडीओने एक लक्ष्य क्षेपणास्त्र सोडलं. लक्ष्य क्षेपणास्त्र म्हणजे पाडण्यासाठीच सोडलेलं क्षेपणास्त्र. रडारांनी ते टिपलं, आणि 4 वाजून 24 मिनिटांनी चांदीपूरहून त्याला अडवणारं इंटरसेप्टर निघालं. 5000 किलोमीटर पल्ल्याच्या वर्गातील क्षेपणास्त्रांपासून बचाव करण्याची स्वदेशी क्षमता सिद्ध झाली, असं सरकारी निवेदनात म्हटलं होतं. बातम्यांत कौतुक झालं ते सगळं इंटरसेप्टरचं. जे पाडायचं होतं, त्याच्या वाट्याला एक वाक्य आलं : ते शत्रूच्या क्षेपणास्त्राची नक्कल करत होतं.

आमचं म्हणणं या ‘नक्कल’ शब्दापाशी सुरू होतं. नक्कल किती हुबेहूब होती, यावर सगळं अवलंबून आहे. चाचणीची किंमत पाडणाऱ्यावरून ठरत नाही, जे पाडलं त्याच्यावरून ठरते.

आपल्या शास्त्रपरंपरेला ही गोष्ट नवी नाही. कुठलाही सिद्धान्त मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायचा असतो. म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं आपणच, आपल्या तोंडाने, पूर्ण ताकदीनिशी सांगायचं आणि मग त्याचं खंडन करायचं. पूर्वपक्ष मुद्दाम लेचापेचा मांडला, तर खंडन झटकन होतं, पण सिद्धान्त होता तिथेच राहतो. आपल्याकडे ‘स्थूणानिखनन न्याय’ म्हणून एक न्याय आहे. खांब रोवला की तो हलवून हलवून बघायचा, म्हणजे पक्का बसतो. हलवायचाच नसेल तर खांब रोवला असं नुसतं म्हणायचं. कार्ल पॉपरने विज्ञानाबद्दल वेगळ्या भाषेत जवळपास हेच सांगितलं : जी चाचणी फसू शकत नाही, ती चाचणीच नव्हे.

लक्ष्य क्षेपणास्त्र हा धातूचा पूर्वपक्ष आहे. आता आपला पूर्वपक्ष कसा होता ते बघू. 27 नोव्हेंबर 2006 ला भारताने पहिल्यांदा असं क्षेपणास्त्र हवेत पाडलं, तेव्हा लक्ष्य म्हणून आपलंच ‘पृथ्वी’ थोडे बदल करून वापरलं होतं. 15 मार्च 2010 च्या चाचणीत ते लक्ष्यच ठरलेल्या मार्गावरून भरकटलं. मग इंटरसेप्टर सोडलंच नाही. अभियंत्यांचा निर्णय बरोबर होता, त्यात वाद नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. चाचणी व्हायची तर आधी शत्रूने आज्ञाधारक असावं लागतं.

आणखी एक बाब. अशा चाचण्यांच्या आधी बालासोर जिल्ह्यातल्या आसपासच्या गावांतली माणसं तात्पुरती हलवतात. 2024 च्या जुलैमध्ये दहा गावांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांना हलवलं होतं. सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. पण बघा, हल्ला आज होणार हे त्या दिवशी गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. 1984 च्या जूनमध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर एका लक्ष्याला थेट धडक देऊन दाखवली. पुढे 1994 साली तिथल्या संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने त्या प्रयोगाची छाननी केली. तेव्हा बाहेर आलं की ते लक्ष्य सोडण्याआधी तापवलं होतं आणि उड्डाणात आडवं फिरवलं होतं. म्हणजे उष्णता टिपणाऱ्या यंत्राला ते जास्त ठळक दिसावं. 2001 च्या चाचणीत तर लक्ष्यावर स्वतःचा ठावठिकाणा कळवणारं उपकरण बसवलं होतं. पूर्वपक्षाने आपणहून हात वर करून ‘मी इथे आहे’ म्हणावं, तसंच हे.

उलट खरा शत्रू कसा असतो? 1991 च्या आखाती युद्धात इराकने स्कड क्षेपणास्त्रं ओढूनताणून लांब पल्ल्याची केली. ती इतकी कच्ची होती की खाली येताना हवेतच तुटायची, गिरक्या घ्यायची. पॅट्रियटला त्या तुकड्यांतून नेमकं अस्त्र शोधणं जड गेलं. असं वेडंवाकडं लक्ष्य कुठल्या प्रयोगशाळेने मुद्दाम बनवलं असतं? 25 फेब्रुवारीला धाहरान इथे तर पॅट्रियटची यंत्रणा सलग शंभर तासांच्या वर चालू होती. घड्याळात साचत गेलेली चूक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली, यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी बघत राहिली, आणि 28 अमेरिकी सैनिक मेले. युद्धाच्या वेळी सांगितलेले यशाचे आकडे लष्कराला नंतर खाली आणावे लागले.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिली पावलं सोपीच असणार. पोहायला शिकवताना कुणी पोराला पुरात ढकलत नाही. शिवाय आपली लक्ष्यंही पुढे सरकली आहेत. 2014 च्या एप्रिलमध्ये लक्ष्य बंगालच्या उपसागरातल्या जहाजावरून सोडलं होतं, आणि त्याला वातावरणाच्या बाहेर गाठायचं होतं. हे काम अवघड आहे, आणि ते करणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. आमची टीका त्यांच्यावर नाही. एका सोप्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की अवघड प्रश्नही सुटला असं जाहीर करणाऱ्या भाषेवर ती आहे.

दूर कशाला, आपल्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरी उभा आहे. तासलेला कडा, खंदक, शत्रूला भुलवणारी अंधारी वाट. किल्ला बांधणाऱ्याने मनातल्या शत्रूला चोख उत्तर दिलं होतं. तो शत्रू चढून येणार, वाट चुकणार, खंदकात पडणार. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा रामदेवरायाला तह करावा लागला. सांगतात ते असं की धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती उघडली तर आत मीठ निघालं. कडा अभेद्यच राहिला. पोती मात्र कुणी तपासली नव्हती.

मग यात पणाला काय लागलंय? मे 2025 मध्ये सीमेपलीकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली, ती आपण अनुभवली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर झालं. संरक्षण हवंच. पण डोक्यावर अभेद्य छत्र आहे असं एकदा मनात बसलं, की माणसं युद्धाची भाषा सैल तोंडाने बोलू लागतात, आणि राज्यकर्त्यांवर तोच दबाव येतो. अपुरं छत्र पुरं समजण्याची किंमत शेवटी शहरांत राहणारे लोक मोजतात, म्हणजे तुम्ही-आम्ही.

गुपितं उघड करा असं आम्ही म्हणत नाही. पण पुढची ‘यशस्वी’ची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. लक्ष्य एकच होतं, की एकदम अनेक होती? ते येण्याची वेळ आणि वाट आधी माहीत होती का? फसवायला त्याच्याबरोबर दुसरं काही सोडलं होतं का? पूर्वपक्ष बळकट होता असं कळलं, तर टाळ्या जरूर वाजवू. तोवर खांब हलवून बघत राहू.

आता आपले प्रश्न घेऊ या.