मोबाइलचा सातबारा

(हिंगोलीतील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय, 'सामान्य वापरकर्ता आणि संगणकाचं ज्ञान'. आम्ही तो सोपा करून घेतो. तुमच्या हातात जे यंत्र आहे, मग तो मोबाइल असो नाहीतर सेवा केंद्रातला कॉम्प्युटर, त्याच्या आतलं तुम्हाला किती कळलं पाहिजे? सगळं? काहीच नाही? की मध्ये कुठेतरी एक रेघ आहे?

आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी गावोगाव बसतो. लोकांचे अडलेले फॉर्म, अडकलेले मोबाइल बघून देतो. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात एक मावशी आल्या. लाडकी बहीण योजनेचा अर्ज मंजूर झालेला, मंजुरीचा मेसेज मोबाइलमध्ये होता. पण खात्यात पैसा नाही. बँकेत तीन खेपा झाल्या होत्या. दर खेपेला दिवसाची मजुरी बुडाली, वर जाण्यायेण्याचं भाडं. बँकेत सांगायचे, इथं काही आलं नाही. सेवा केंद्रात सांगायचे, इथून सगळं झालंय. मावशी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मी तर अंगठा दिला व्हता. मग कामून नाही आलं?"

पैसे आले होते, पण दुसऱ्याच खात्यात. काही वर्षांपूर्वी गावात कुणीतरी मशीन घेऊन आलं होतं, झिरो बॅलन्सचं खातं उघडून देतो म्हणून. मावशींनी तेव्हाही अंगठा दिला होता. त्या खात्याचं ना पासबुक, ना आठवण. पण त्यांच्या आधारला शेवटी जोडलं गेलेलं खातं तेच होतं. आधारवरून येणारा सरकारी पैसा खाते क्रमांक बघत नाही, आधारला शेवटी जोडलेलं खातं बघतो आणि तिकडे जातो. एवढी एकच गोष्ट कळायची होती. ती मावशींना ठाऊक नव्हती. आमचा अनुभव असा, की ज्यांनी सांगायला हवी त्यांच्यातल्याही अनेकांना ती ठाऊक नसते.

हे एकट्या मावशींचं दुखणं नाही. 2017 साली देशभर असाच प्रकार गाजला. सिमकार्डाची आधार पडताळणी करताना ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसची सबसिडी त्या खात्यांत जाऊ लागली. लाखो लोकांना पत्ताच नव्हता. डिसेंबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची आधार पडताळणी काही काळ थांबवली आणि मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने 5 कोटींचा दंड केला. त्या लाखो लोकांत शिकलेले, नोकरदार, रोज कॉम्प्युटरवर बसणारेही होतेच की!

आता या विषयावर दोन पक्ष पडतात. एक पक्ष जाणकारांचा. ते म्हणतात, ज्याला यंत्राच्या आतलं कळत नाही तो गुलाम. प्रत्येकाने ऑपरेटिंग सिस्टीम समजून घ्यावी, प्रोग्रॅमिंग शिकावं. दुसरा पक्ष म्हणतो, कशाला डोक्याला ताप? बटण दाबलं की काम झालं पाहिजे, आतलं इंजिनियर बघून घेतील.

पहिल्या पक्षाला आम्ही आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिला 2600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेझर, आणि अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक हालचाल मोजायची. त्या यंत्रातलं सगळं जाणणारा एक माणूस जगात नाही. आरशाचा जाणकार वेगळा, लेझरचा वेगळा, सॉफ्टवेअरचा वेगळा. 'सगळं कळलं पाहिजे' ही अट तिथल्या शास्त्रज्ञांना लावली तर तेही नापास होतील. मग ती सोयाबीन काढणाऱ्या माणसाला का लावायची?

दुसऱ्या पक्षाचे लोक नेहमी मोटरचं उदाहरण देतात. "विहिरीवरची मोटर चालवायला तिचं शास्त्र लागतं का?" खरंय, शास्त्र लागत नाही. पण आपला शेतकरी मोटरबद्दल काय काय जाणतो ते बघा. एक फेज गेली आणि दोन फेजवर मोटर चालू राहिली तर ती जळते, हे त्याला ठाऊक आहे. स्टार्टर का पडतो, डीपीवरचा फ्यूज गेला की आपल्या पेटीतला, मोटर गुणगुणते पण फिरत नाही म्हणजे काय, हे त्याला आवाजावरून कळतं. वायंडिंग त्याला येत नाही, त्यासाठी मिस्त्री आहे. पण मिस्त्रीकडे कधी जायचं आणि मिस्त्री फसवतोय का, हे त्याला कळतं.

दुसरं उदाहरण सातबाऱ्याचं. 1966 चा जमीन महसूल कायदा आपल्यापैकी किती जणांनी वाचलाय? पण सातबारा हातात आला की म्हातारा माणूससुद्धा बोट ठेवून बघतो. नाव बरोबर आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, आणि 'इतर हक्का'त कुणाचा बोजा चढलाय का. ज्याला अक्षर येत नाही तो शेजारच्या पोराकडून वाचून घेतो, पण काय वाचून घ्यायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. जमीन हातची जायला नको, म्हणून पिढ्यान् पिढ्या ते शहाणपण आलंय.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच, की मोबाइलचा सातबारा वाचता आला पाहिजे. त्यातल्या चिपचं शास्त्र आलं नाही तरी चालेल. माझ्या नावावर काय आहे, ते कुठे ठेवलंय, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क चढलाय, आणि चूक झाली तर फेरफार कुठे करायचा, हे यायला हवं.

आता टीकेकडे येतो. आपल्याकडे हे शिकवलं गेलं का?

महाराष्ट्रात संगणक शिकवण्याचं मोठं काम एमएस-सीआयटीने केलं, हे पहिल्यांदा मान्य करू. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 मध्ये स्थापन झालं, 2002 पासून हा अभ्यासक्रम सुरू झाला. तालुक्या-तालुक्याला केंद्रं निघाली. 1999 साली परभणीतून वेगळा झालेला आपला जिल्हा तेव्हा नवाच होता. इथल्या हजारो पोरापोरींनी माऊसला पहिल्यांदा हात लावला तो अशाच केंद्रांत. भीती गेली, नोकऱ्या लागल्या. हे ऋण मोठं आहे.

पण त्याबरोबर एक समजूत रुजली. संगणक येणं म्हणजे प्रमाणपत्र असणं. सरकारी कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं झालं, पास नसलेल्यांच्या वेतनवाढी अडल्या. लोक वर्डमध्ये पत्र, एक्सेलमध्ये तक्ता, पॉवरपॉइंटमध्ये सरकती अक्षरं शिकले, पर्यायांपैकी बरोबर उत्तर निवडलं आणि पास झाले. अभ्यासक्रम पुढे बदलत गेला, त्यात नवे विषय आले, हेही खरं. समाजाच्या डोक्यातली समजूत मात्र तीच राहिली, की कुठलं बटण कुठे आहे हे पाठ असणं म्हणजे ज्ञान. पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलते आणि ते ज्ञान शिळं होतं. म्हणून प्रमाणपत्र असलेला माणूसही आपल्या फाइलचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, कारण फाइल कुठे सेव्ह झाली हे त्याला सापडत नाही.

2017 मध्ये केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. 6 कोटी ग्रामीण कुटुंबांतून प्रत्येकी एक जण, प्रत्येकाला 20 तासांचं प्रशिक्षण. उद्देश चांगला, त्यात डिजिटल व्यवहारही होते. पण 20 तासांत काय निवडायचं हा प्रश्न कळीचा होता. आम्ही असतो तर कॉम्प्युटर चालू-बंद करण्याऐवजी पहिले पाच तास 'अंगठा देतो तेव्हा नक्की काय होतं' यावर घालवले असते.

कारण आज नडतं ते तिथेच. ई-पीक पाहणी घ्या. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करायची आहे. कल्पना उत्तम आहे. पण बांधावर रेंज नसेल तर नोंद आधी मोबाइलमध्येच राहते, रेंज आल्यावर ती अपलोड करावी लागते. 'मोबाइलमध्ये असणं' आणि 'सरकारी सर्व्हरवर असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कुणी सांगितलं नाही तो फोटो काढून निश्चिंत घरी येतो. मदतीची वेळ आली की नोंदच नाही! पीक शेतात उभं होतं, फोटो खिशात होता, आणि बाराच्या नमुन्यात रकाना कोरा. या माणसाला रॅम आणि रॉममधला फरक पाठ असता तरी काय उपयोग होता?

म्हणून आमची मोजपट्टी अशी. जे न कळल्याने पैसा, हक्क किंवा अब्रू जाऊ शकते, ते प्रत्येकाला कळलंच पाहिजे. बाकीचं ज्याच्या त्याच्या आवडीवर.

या मोजपट्टीने चार गोष्टी उरतात. पहिली, माझी वस्तू कुठे आहे. मोबाइलमध्ये, कार्डात की दूर कुठल्या सर्व्हरवर? मोबाइल हरवला तर काय जाईल, काय राहील? दुसरी, किल्ली कुठली. ओटीपी, पिन आणि अंगठा या तिन्ही सह्या आहेत. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, एवढं पक्कं बसलं तरी कितीतरी फसवणुकी जागेवर थांबतील. तिसरी, परवानगी. टॉर्चचं अॅप तुमच्या फोनमधले सगळे नंबर का मागतं? तो झाला तुमच्या सातबाऱ्यावरचा बोजा, आणि तो सेटिंगमध्ये जाऊन उतरवता येतो. चौथी, जोडणी. कुठल्या नंबरला, कुठल्या आधारला, कुठलं खातं जोडलंय. ते आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं. मावशींचं आम्ही तिथेच बघितलं, दोन मिनिटं लागली.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की सगळं ओझं गरिबाच्याच डोक्यावर का? अॅप करणाऱ्यांचं काही नाही का? आहे, आणि आमची जास्त टीका तिकडेच आहे. माणसाला किती कळलं पाहिजे हे बऱ्याच अंशी यंत्र करणारा ठरवतो. पडद्यावर 'एरर' एवढंच येतं तेव्हा वापरणारा अडाणी ठरतो. तिथेच 'तुमची नोंद अजून मोबाइलमध्येच आहे, रेंजमध्ये जाऊन पाठवा' असं आलं तर तोच माणूस शहाणा होतो. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना साध्या भाषेत आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळण्याची सोय मागितली आहे. मराठी त्यात आहे. पण मराठी म्हणजे कुठली मराठी? 'मी प्रमाणीकरणासाठी सहमती प्रदान करतो' ही मराठी आमच्या मावशींसाठी इंग्रजीच आहे. 'हो म्हटलं तर तुमच्या नावाने नवं खातं उघडेल' असं लिहायला कुणी अडवलंय?

दोन्ही बाजूंनी चालावं लागेल. वापरणाऱ्याने चार गोष्टी शिकायच्या, आणि करणाऱ्याने पाचवी शिकावी लागणार नाही असं यंत्र करायचं.

शिकवणार कोण? केरळात शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकवतात आणि 2018 पासून 'लिटिल काइट्स' हे विद्यार्थ्यांचे गट आहेत. तिथल्या मुलांनी पुढे आयांना सायबर सुरक्षेचे धडे दिले. आपल्या जिल्हा परिषद शाळांतली आठवी-नववीची पोरं हे सहज करतील. घरातला मोबाइल तीच तर दुरुस्त करून देतात! त्यांना फक्त सांगायचं, की आजीचा मोबाइल तिच्या हातातून घेऊन काम उरकू नका, तिच्या हातात ठेवून दाखवा.

आपण नर्सीच्या नामदेवांच्या मुलखातले लोक. ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटून बघितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं म्हणून सांगितलं. नामदेवांना ते लागलं, पण पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. प्रमाणपत्र भिंतीवर लावणं सोपं असतं, थापटून घेणं अवघड. आम्ही स्वतःला थापटून बघितलं तेव्हा आमच्यातल्या दोघांच्या आधारला भलतंच खातं जोडलेलं निघालं. शिकवायला निघालेले आम्हीच कच्चे!

मावशींचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. बँकेत अर्ज देऊन त्यांनी आधार आपल्या नेहमीच्या खात्याला जोडून घेतलं. पुढचे हप्ते तिथे येऊ लागले. आधीचे हप्ते मात्र त्या जुन्या खात्यातच पडून होते, ते काढायला अजून दोन खेपा झाल्या. त्यानंतर त्या सेवा केंद्रात गेल्या तेव्हा आम्ही सोबत होतो. ऑपरेटरने मशीन पुढे सरकवलं. मावशींनी हात मागे घेतला आणि विचारलं, "आधी सांग बाबा, हा अंगठा कशाला? किती रुपयाला? अन् पावती देतो का?"

ऑपरेटर जरा वैतागला, पण त्याने सांगितलं. मग मावशींनी अंगठा दिला.