जन्म, जन्मतारीख आणि बचाव : ‘उचल्या’चे एक वाचन

भिलाईतील खुर्सीपारसारख्या श्रमिक वस्तीत एखाद्या मुलावर गुन्ह्याचा आरोप येतो, तेव्हा त्याच्या बचावातील पहिला प्रश्न गुन्हा घडला की नाही हा नसतो. मुलाचे वय किती, हा असतो. वय अठराच्या आत ठरले तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही आणि जामीन हा नियम ठरतो. वय सिद्ध झाले नाही तर तो इतरांसारखाच आरोपी होतो. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने 1955 नंतर अनेक प्रांतांतून आलेल्या कुटुंबांच्या या नगरात मुलाच्या जन्माची नोंद दूरच्या एखाद्या गावी राहिलेली असू शकते, किंवा झालेलीच नसू शकते. जन्माची नोंद आणि बचावाचा हक्क यांच्या या संबंधाकडे मराठी साहित्याच्या बाजूने पाहू लागल्यास लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) हे आत्मकथन नव्याने वाचावे लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू तसे वाचन करण्याचा आहे.

‘उचल्या’ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी समीक्षेने त्याचा विचार मुख्यतः दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या परंपरेत केला. भूक, अपमान, अस्मितेचा शोध आणि बोलीचे सामर्थ्य ही त्या विचाराची सूत्रे राहिली. लेखक प्रारंभीच सांगतो की त्याला स्वतःचे गाव नाही, घर-शेत नाही, जन्मतारीखही नाही. हे विधान सहसा अस्मितेच्या अभावाची खूण म्हणून घेतले जाते. परंतु ज्या समाजातील मुलावर आरोप ठेवला जाणे हा नित्याचा भाग आहे, त्या समाजात जन्मतारीख नसणे याचा अर्थ बचावाचे पहिले साधनच नसणे, असा होतो.

या अभावाला इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने विशिष्ट जमातींत जन्म घेणे हाच संशयाचा पुरेसा आधार मानला. 1897 च्या दुरुस्तीने या जमातींतील चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला. मूल असणे हे येथे संरक्षणाचे कारण नव्हते. गुन्हेगारीचा वारसा तोडण्यासाठी मूल ताब्यात घ्यायचे होते. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. त्यानंतर मुंबई राज्यात 1959 चा सराईत गुन्हेगार कायदा आला. याउलट 2015 च्या बाल न्याय कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात गुन्हेगारी हेतू नव्हता असे गृहीत धरण्याचे तत्त्व मांडले. मात्र त्याच कायद्याने सोळा वर्षांवरील मुलाला, आरोप अतिगंभीर असल्यास, प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागण्याची वाटही उघडली. एका कायद्यात जन्म हा आरोपाचा आधार होता. दुसऱ्यात जन्मतारीख हा बचावाचा आधार आहे. ‘उचल्या’तील मूल या दोहोंच्या मधल्या काळातले आहे. पहिला कायदा गेलेला आहे, त्याची नजर मात्र गेलेली नाही.

आत्मकथनात पोलीस वारंवार वस्तीत येतात. मुलांना उचलेगिरी शिकवली जाते, आणि पकडले गेल्यावर कितीही मार बसला तरी साथीदाराचे नाव घ्यायचे नाही, हेही शिकवले जाते. या प्रसंगांचे वाचन क्रौर्याचे चित्रण म्हणून झाले आहे. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद 20 ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क दिला आहे, अनुच्छेद 22 ने वकिलाचा. वस्तीत हे हक्क पोहोचत नाहीत. म्हणून मार सोसण्याची शरीराची ताकद हाच मौनाचा हक्क होतो. ज्याला वकील नाही तो आपल्या पोराची पाठ तयार करतो. गायकवाडांनी हे कोणतेही भाष्य न करता सांगितले आहे, हे त्या लेखनाचे बळ होय.

शाळेच्या प्रसंगांनाही या संदर्भात वेगळे वजन येते. लेखकाच्या शाळेत जाण्याने समाजावर संकट आले, असा समज वस्तीत पसरतो. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 नुसार वयाचा पहिला पुरावा शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला. तो नसेल तर नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, जिच्यात एक-दोन वर्षांचा फरक राहू शकतो. म्हणजे वस्तीला अशुभ वाटणारी शाळाच मुलाच्या बचावाचा कागद तयार करीत होती. नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीखही पुढे न्यायालयात वजन धरते.

तो कागद वेळेवर न मिळाल्यास काय होते, याची महाराष्ट्रातील उदाहरणे बोलकी आहेत. पुण्यातील 1994 च्या हत्याकांडात फाशी झालेल्या एका कैद्याची सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2023 रोजी सुटका केली. राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून घटनेच्या वेळी तो बारा वर्षांचा होता, हे मान्य झाले. तोवर अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. 2003 च्या दुसऱ्या एका प्रकरणात भटक्या समाजातील सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच फाशी सुनावली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून निष्पन्न झाले. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त करून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जांवर याच न्यायालयाने 1983 मध्ये कोठडीतील आरोपींना कायदेविषयक मदत देण्याचे, आणि 1986 मध्ये मुलांना तुरुंगात न ठेवण्याचे निर्देश दिले होते. म्हणजे नियम होता. तो आरोपीपर्यंत पोहोचलेला नव्हता.

या प्रकरणांच्या प्रकाशात ‘उचल्या’ची एक मर्यादाही दिसते. त्याचा युक्तिवाद भुकेचा आहे : समाज चोरी करतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही. हा युक्तिवाद वाचकाला अंतर्मुख करतो आणि शिक्षा सौम्य करण्यासाठी उपयोगी पडतो. परंतु त्यात आरोप सामूहिकरीत्या मान्य केला जातो, आणि ज्याने काहीच केलेले नाही अशा मुलाची बाजू दुबळी राहते. 2019 मध्ये सुटलेल्या सहा जणांना सहानुभूती नको होती, पुराव्याची कसोटी हवी होती. आत्मकथनाचे ‘आम्ही’ आणि न्यायालयातील बचावाचे ‘मी’ यांत हे अंतर आहे. चोरी कुठेही झाली तरी पोलीस याच वस्तीत येतात, हे नोंदवताना गायकवाड त्या ‘मी’च्या जवळ येतात, पण कथनाचा मुख्य ओघ ‘आम्ही’चाच राहतो.

1998 मध्ये महाश्वेतादेवी व गणेश देवी यांच्यासह गायकवाड विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या कृतिगटात सहभागी झाले. आत्मकथनात समाजाच्या वतीने जे सांगितले होते, ते आता कायद्याच्या भाषेत मागायचे होते. ‘उचल्या’ हे केवळ वेदनेचे कथन नसून, ज्याला कोणी वकील दिला नाही अशा मुलाचे उशिरा नोंदवलेले निवेदन आहे, असे म्हणता येईल. त्या निवेदनातील जन्मतारखेची रिकामी जागा समीक्षेने अस्मितेचा प्रश्न म्हणून भरली. ती पुराव्याचा प्रश्न म्हणूनही वाचली गेली पाहिजे, कारण खुर्सीपार असो वा धनेगाव, आरोपी मुलाचे पुढील सारे आयुष्य त्या जागेत काय लिहिले जाते यावर अवलंबून असते.