ज्युलिएटच्या भूमिकेची पूर्वतयारी : वय, निर्णय आणि मराठी रंगपरंपरा

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या शोकांतिकेतील नायिकेचा विचार बहुधा सज्जातील प्रवेशापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. परिणामी ज्युलिएट म्हणजे कोवळी, भाबडी, प्रेमाने वेडावलेली मुलगी, असे समीकरण रूढ झाले. संहिता या समीकरणाला दुजोरा देत नाही. बुलडाणा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या रंगमंचावर ही भूमिका मराठीतून करावयाची झाल्यास अभिनेत्रीने भावनेपेक्षा निर्णयाचा माग काढणे का आवश्यक आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रथम वयाचा प्रश्न. आर्थर ब्रुकच्या १५६२ मधील ज्या काव्यावर हे नाटक आधारलेले आहे, त्यात नायिका सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आहे आणि कथा कित्येक महिने चालते. शेक्सपिअरने तिला चौदा वर्षे पूर्ण होण्यास पंधरवडाभराचा अवधी ठेवला आणि सारी कथा अवघ्या चार-पाच दिवसांत कोंडली. वय कमी केले आणि वेळही कमी केला. त्यामुळे तिच्या प्रत्येक निर्णयाचे वजन वाढले. मराठीत नारायण बापूजी कानिटकर यांनी या नाटकाचे ‘शशिकला आणि रत्नपाल’ हे रूपांतर १८८२ मध्ये केले. त्या काळी पांढरपेशा घरांत मुलीचे लग्न आठ-दहा वर्षांची असतानाच उरकले जात असे. तेव्हाच्या प्रेक्षकाला तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न खटकण्याचे कारण नव्हते. खटकण्याजोगे होते ते तिने स्वतः वर निवडणे. (याच कानिटकरांनी पुढे १८८६ मध्ये ‘तरुणीशिक्षण नाटिका’ लिहून शिकलेल्या स्त्रियांची टवाळी केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.) १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, ज्युलिएट त्यातही पंधरवड्याने कमी पडते. १९७८ पासून ही मर्यादा अठरा वर्षांची आहे. आजच्या प्रेक्षकाला तिचे वय खटकते, निवड खटकत नाही, असे म्हणण्याची सोय आहे. परंतु जात आणि घराणे पाहून सोयरीक जुळविणाऱ्या समाजात निवडही खटकतेच. तेव्हा अभिनेत्रीने बालिश आवाज व लाडिक हालचाली यांतून वय दाखविण्याच्या मोहात पडू नये. वय संहितेत आहे. ते अभिनयाने पुन्हा सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण आपल्या रंगपरंपरेतून येते. मराठी प्रेक्षकाच्या मनातील शोकनायिका म्हणजे राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू. भरजरी शालूंसाठी ख्यातनाम असलेल्या बालगंधर्वांनी ती ठिगळाच्या लुगड्यात उभी केली. ती तयारी थोर होती यात शंका नाही. पण नवऱ्याचा दोष अखेरपर्यंत झाकणाऱ्या सिंधूचे मोठेपण सोसण्यात आहे. ज्युलिएट सोसत नाही, ती करते. सिंधूच्या साच्यात तिला बसविले की रडण्याचे प्रसंग रंगतात आणि भूमिका हरवते.

संहिता या दृष्टीने पुन्हा वाचावी. आईने विवाहाविषयी विचारताच ज्युलिएट मोजक्या शब्दांत उत्तर देते. विरोध नाही आणि होकारही नाही. सज्जातील प्रवेशात ती नाव आणि माणूस यांची फारकत तर्काने करते. आपल्याकडे आडनावावरून पुष्कळ काही ताडले जाते, म्हणून हा तर्क येथील विद्यार्थिनीला समजावून सांगावा लागत नाही. लग्नाचा विषयही प्रथम तीच काढते. रोमिओ उपमांत रमलेला असताना ती निरोप कोणाहाती, केव्हा, हे ठरविते. लग्नानंतर रात्रीची वाट पाहतानाचे स्वगत तर उघड देहभावनेचे आहे. सभ्यतेच्या नावाखाली ते गाळणे सोपे. पण मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ (१९५४) या संग्रहाच्या मातीत वाढलेल्या विद्यार्थिनीला प्रीतीची मोकळी भाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

भाषेचा प्रश्न येथेच येतो. ज्युलिएटने रोमिओला पहिल्यापासून ‘तू’ म्हणावे आणि विवाहानंतरही ‘अहो’वर येऊ नये; मूळ संहितेतील एकेरी संबोधनाशी ते सुसंगत आहे. दाईला वऱ्हाडी बोली द्यावी. तिची पाल्हाळिक, चावट बडबड प्रमाण मराठीत निर्जीव होते. विनोदासाठी बोली वापरण्याची जुनी खोड येथे मात्र टाळावी, कारण ज्युलिएट या बाईच्या दुधावर वाढली आहे. जन्मदात्रीला ‘आई’ आणि दाईला ‘माय’ अशी हाक ठेवली, तर नात्यांतील अंतर एका शब्दात उभे राहते.

या हाकेचा उपयोग तिसऱ्या अंकाच्या शेवटी कळतो. बाप घराबाहेर काढण्याची धमकी देतो, आई पाठ फिरविते, आणि दाई पॅरिसशी लग्न करण्याचा व्यवहारी सल्ला देते. हा नाटकाचा खरा सांधा आहे. येथे अश्रू नकोत. तिच्या बोलण्यातील दाईची बोली येथून पुढे संपावी आणि प्रमाण मराठी उरावी, हे पुरेसे आहे. तालमींचा अधिकाधिक वेळ या प्रवेशाला व औषध पिण्याच्या स्वगताला द्यावा. त्या स्वगतात ती एकेक शंका तपासते : हे विषच असेल तर, वेळेआधी जाग आली तर, थडग्यात श्वास कोंडला तर, टायबाल्टच्या प्रेताशेजारी शुद्ध हरपली तर. शंका वेगवेगळ्या आहेत. एका सुरात ओरडून म्हटल्यास त्यांची केवळ भीती होते. त्याआधी ती कट्यार शेजारी ठेवते. आणि त्याही आधी, आई व दाई निघून गेल्यावर, एकदाच दाईला परत बोलावू पाहते. ती हाक ‘माय’ अशी वऱ्हाडीतच यावी, अर्ध्यावर थांबावी, आणि मग तिने कुपी हाती घ्यावी.