जन्मांध आणि डोळस

ख्रिस्ती धर्मग्रंथात अंधत्व एकाच अर्थाने येत नाही. यशयाच्या ग्रंथात ते हटवादी मनाचे लक्षण ठरते. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये शौलाची दृष्टी तीन दिवस जाते आणि तेथूनच छळ करणाऱ्याचा प्रेषित होऊ लागतो. परंतु या प्रतिमेची खरी कसोटी लागते ती योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात.

एका जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. व्यंगामागे अपराध शोधण्याची ही वृत्ती पूर्वसंचिताची भाषा जाणणाऱ्या भारतीय वाचकालाही परिचित आहे. येथे ती आरंभीच निरस्त होते.

एकेचाळीस वचनांच्या या अध्यायात चमत्कार पहिल्या सात वचनांतच आटोपतो. थुंकीने कालवलेल्या मातीचा लेप आणि शिलोह तळ्यात तो धुणे, एवढाच त्याचा विस्तार. त्यानंतर येशू दृश्याबाहेर राहतो आणि चौकशी सुरू होते. शेजारी साशंक आहेत, आईबाप भयभीत आहेत आणि शब्बाथ मोडल्याने काही परूशी संतप्त आहेत. या उलटतपासणीत त्या माणसाची समज वाढत जाते. येशू त्याला प्रथम केवळ मनुष्य वाटतो, मग संदेष्टा, मग देवाकडून आलेला; बहिष्कृत झाल्यावर तो त्याला प्रभू म्हणून वंदन करतो. ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे तो सांगतो. परूशी मात्र ज्ञानाचा दावा करीत अधिकाधिक बंदिस्त होतात.

शेवटी येशू त्यांना सुनावतो की, ते अंध असते तर निर्दोष ठरले असते. दिसते म्हणतात म्हणूनच त्यांचे पाप कायम राहते. म्हणजे दोष अंधत्वात नसून डोळसपणाच्या अहंकारात आहे.

तरीही एक ताण उरतो. जन्मांध पापाच्या आरोपातून मुक्त होतो. परंतु न पाहणाऱ्यांनी पाहावे आणि पाहणाऱ्यांनी अंध व्हावे, या येशूच्या उद्गारात ‘अंध’ हा शब्द पुन्हा दंडाचा वाचक बनतो. बायबलची प्रतिमासृष्टी डोळसांच्या जगातून घडली आहे, हा अंध धर्मचिंतक जॉन हल (१९३५–२०१५) यांचा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यावा लागतो. या अध्यायाने माणसावरचा कलंक पुसला, पण शब्दावरचा तसाच राहिला. त्याच्या थोरवीइतकीच ही मर्यादाही अभ्यासकाने ध्यानात घेतली पाहिजे.