किस्सा-इ-संजाण आणि बहरोटची चढण

पालघर जिल्ह्यांत घोलवड-बोर्डीच्या बाजूस बहरोटचा डोंगर आहे. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी उपाध्यायांनीं आपला पवित्र अग्नि, इराणशहा, याच डोंगरांतील लेण्यांत बारा वर्षें राखिला, अशी परंपरा आहे. तिच्या स्मरणार्थ पारशी कुटुंबें आजहि तेथें चढून जातात. पित्याबरोबर पुत्र असतो, लेण्यांत मोबेद जशन करितात आणि वडील माणसें मुलांस पूर्वजांची हकीकत सांगतात. चढणीविषयीं आमचें कांहींएक म्हणणें नाहीं. हकीकत मात्र तपासून घेण्याजोगी आहे.

तिचें मूळ एकच. नवसारीच्या बहमन कैकोबाद संजाणा यानें यज्दगर्दी सन 969, म्हणजे इ. स. 1599-1600 च्या सुमारास, फारसी पद्यांत रचिलेला किस्सा-इ-संजाण. आपण हें एका वृद्ध दस्तुराच्या तोंडून ऐकिलें, असें कवि स्वतःच सांगतो. तो संजाणा उपाध्यायांच्या कुळांतला आणि नवसारींत अग्नीची सेवा त्याच कुळांकडे होती. या सेवेच्या हक्कावरून पुढें भगरिया उपाध्यायांशीं तंटे वाढले व अखेरीस 1742 सालीं इराणशहा उदवाड्यास गेला. तेव्हां अग्नि कोणी वाहिला व कोणी राखिला हें सांगण्यांत कवीचा आपल्या कुळाविषयींचा ओढा दिसावा, यांत नवल नाहीं.

काव्यांत संजाणच्या पाडावाचा सन दिलेला नाहीं. आहेत त्या केवळ मुदती. कोहिस्तानांत शंभर वर्षें, होर्मुझांत पंधरा, दिवेंत एकोणीस, बहरोटास बारा, बांसद्यास चौदा. असें असतां इराणशहाच्या मुक्कामांच्या प्रचलित यादींत बहरोटचा काळ इ. स. 1393 ते 1405 असा नेमका छापलेला असतो, आणि तोच डोंगरावर मुलांस सांगितला जातो. हा सन काव्याशींच जुळत नाहीं. संजाणवर अलफखानास पाठविणारा सुलतान महमूद, असें कवि म्हणतो व चांपानेरचें नांव घेतो. चांपानेर महमूद बेगड्यानें 1484 सालीं जिंकिलें. होडीवाला यांनीं 1920 च्या आपल्या ग्रंथांत 1465 हें साल धरिलें आहे. तेंहि चांपानेर पडण्यापूर्वींचेंच. पण सव्वाशें वर्षांनंतर लिहिणाऱ्यानें सुलतानास त्याच्या पुढील राजधानीवरून ओळखावें, हें समजण्यासारखें आहे. अलफखान म्हणजे अल्लाउद्दीन खिलजीचा सरदार उलुघखान, असें मानणारेहि आहेत. त्यांस महमूद हें नांव सोडून द्यावें लागतें. आमच्या मतें 1465 चा पक्ष अधिक सबळ, परंतु तोहि अनुमानच.

किनाऱ्यावर उतरण्याच्या कालाविषयीं तर होडीवाला यांचें 936 हें साल आतां नव्यानें पारखिलें पाहिजे. तारापूरच्या शेजारीं चिंचणी येथें 1955 सालीं ताम्रपट सांपडले. त्यांतील शके 848, म्हणजे इ. स. 926 च्या पटांत राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या वतीनें संयान मंडलाचा, म्हणजे संजाण प्रांताचा, कारभार मधुमति नांवाचा ताजिक अधिकारी पाहत होता, असें आहे. मधुमति म्हणजे मुहंमद. काव्यांत पारशांस आश्रय देणारा स्वतंत्र हिंदु राजा जादी राणा येतो. अरब अंमलदाराच्या या नोंदीनंतर अवघ्या दहा वर्षांनीं त्यास तेथें बसविणें कठीण आहे. होडीवाला यांच्यापुढें हा पट नव्हता. आज लिहिणाऱ्यास ती सवलत नाहीं.

उलट समकालीन पुरावा म्हणावा तर तो कान्हेरीच्या लेण्यांत आहे. 1009 व 1021 सालीं तेथें आलेल्या पारशी मंडळींनीं आपलीं नांवें पित्याच्या नांवासह पहलवी लिपींत कोरून ठेविलीं. तारीख, महिना, सन, सारें आहे. संजाण येथें 2002 ते 2004 च्या उत्खननांत पश्चिम आशियांतील खापरें विपुल निघालीं. या दोन पुराव्यांनीं वसाहत सिद्ध होते. बहरोटची कथा त्यांनीं सिद्ध होत नाहीं आणि खोटीहि ठरत नाहीं.

अमेरिकेंत मॉर्मन पंथाचे लोक असाच एक प्रवास पुन्हा चालून दाखवितात. 1856 ते 1860 या काळांत त्यांचे पूर्वज हातगाड्या ओढीत यूटाकडे गेले. पहिल्याच वर्षीं दोन तांडे बर्फांत सांपडून दोनशेंवर माणसें दगावलीं. आज बापलेक जुन्या धर्तीचे कपडे घालून तशाच गाड्या ओढितात. तेथें प्रवाशांच्या रोजनिश्या व आठवणी शिल्लक आहेत, त्यामुळें मुलानें विचारिलें तर बापास कागद दाखवितां येतो. बहरोटवर चढणाऱ्या बापाजवळ सव्वाशें वर्षांनंतर, किंवा 1393 हें साल खरें मानिलें तर दोनशें वर्षांनंतर, रचिलेलें एक काव्य आहे. त्याची भक्ति त्यामुळें उणी ठरत नाहीं. मात्र त्यानें मुलास सन न सांगतां ‘बहमन असें म्हणतो’ इतकेंच सांगावें.

डहाणू-तारापूरकडील जुन्या पारशी घराण्यांच्या दप्तरांकडे संग्राहकांचें लक्ष जाणें इष्ट आहे. तारापूरचा किल्ला ज्यांच्याकडे इनाम होता त्या विकाजी मेहेरजींसारख्या घराण्यांच्या गुजराती वह्यांत बहरोटच्या यात्रेचा एखादा खर्च जरी नोंदलेला निघाला, तरी ही चढण किती जुनी याचा पहिला लेखी पुरावा हातीं येईल. किस्स्याची हस्तलिखित प्रत आढळल्यास शेवटचें पान प्रथम पाहावें. नकलकाराचें नांव व सन बहुधा तेथेंच असतो.